भटक्या ब्रूअरांच्या बिअरी आणि 'छप्पर कुणाचं?' हा प्रश्न

घेंटकर

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. बिअरवरचे जुने धागे उकरून पाहिले, पण 'स्ट्राँग की माइल्ड'च्या पुढे कुणाची गाडी गेलेली दिसली नाही, म्हणून हा प्रपंच. (महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ असा वयाचा नियम आहे. एकविशीच्या आतल्यांनी इथूनच मागे फिरावं.)

मी बेल्जियममध्ये घेंटला राहतो. इथे बिअर प्यायला लागलो की माणूस हळूहळू बाटलीमागचं बारीक अक्षर वाचायला लागतो. परवा एक डॅनिश बाटली उलटी करून पाहिली तर मागे लिहिलेलं, लोक्रिस्टी. लोक्रिस्टी म्हणजे माझ्या घरापासून सायकलने पाऊण तास. बेगोनियाच्या फुलांसाठी ओळखलं जाणारं गाव. 'कोपनहेगनची खास' म्हणून दोन वर्षं पाहुण्यांना ज्या बिअरीचं कौतुक ऐकवत होतो, ती शेजारच्या गावात शिजते! रत्नागिरीचा म्हणून मिरवलेला हापूस शेजारच्या वाडीतला निघावा तसं झालं.

ही बाटली मिकेलरची. २००६ मध्ये कोपनहेगनला मिकेल बोर्ग बिअर्ग्सो हा शाळेत गणित-भौतिकशास्त्र शिकवणारा मास्तर आणि क्रिस्टियन केलर हा पत्रकार यांनी मिळून ती सुरू केली. मिकेल अधिक केलर, मिकेलर. केलर वर्षभरात बाहेर पडला, नाव तेच राहिलं. गंमत म्हणजे यांच्याकडे ब्रूअरीच, म्हणजे बिअर शिजवायचा कारखानाच नव्हता. रेसिपी लिहायची, दुसऱ्याच्या ब्रूअरीत टाकी भाड्याने घ्यायची, बिअर काढायची आणि पुढच्या गावाला. हेच ते भटके ब्रूअर. लोक्रिस्टीची 'दे प्रूफब्राउवेराय' ही त्यातली मुख्य जागा. डर्क नाउड्ट्स यांनी ती १९९६ मध्ये काढली आणि नावाचा अर्थच 'चाचणी ब्रूअरी'. तिथे कुणाकुणाच्या बिअरी शिजतात याची यादी केली तर अर्धं युरोप निघेल.

मिकेलचा जुळा भाऊ येप्पे. त्यानेही हाच धंदा उघडला, २०१० मध्ये, आणि कंपनीचं नाव ठेवलं 'ईव्हिल ट्विन'. दुष्ट जुळा! २०१२ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. दोघांमधून विस्तव जात नव्हता, हे त्यांनी मुलाखतींतून स्वतःच सांगितलेलं आहे. जगाच्या पाठीवर कुठेही जा, भाऊबंदकी आहेच.

तर गेल्या शनिवारी घरी बैठक जमवली. मी, सौ., आणि ऑफिसातला एक फ्लेमिश सहकारी. चकण्याला इथलं चीज आणि झणझणीत मोहरी, शिवाय सौ.च्या माहेरून आलेलं सांगलीचं भडंग. सौ. बिअर पीत नाही, घोटभर चाखते. पण तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट, म्हणून परीक्षक तीच.

पहिली, मिकेलरची 'बीअर गीक ब्रेकफास्ट'. ओट्स आणि कॉफी घातलेली स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर), ७.५ टक्के. रंग काळाकुट्ट, फेस दालचिनीच्या रंगाचा. मला आधी कॉफी लागली, मग कडू चॉकलेट, आणि शेवटी जिभेवर ओट्सचा गुळगुळीत साय धरल्यासारखा थर. सौ.ने वास घेतला आणि म्हणाली, "दुधाच्या पातेल्याची खरवड." पुढे मला दुसरं काही जाणवेचना. पण खरवड आवडीने खाणारी जमात आपल्याकडे आहेच. ८.५/१०.

दुसरी, श्नायडरची 'होपफेनवाइसं', टॅप ५, ८.२ टक्के. ही भटक्याची नव्हे, दोघांची बिअर: बव्हेरियातल्या केलहाइमचा श्नायडर आणि न्यूयॉर्कचा ब्रुकलिन यांनी २००७ मध्ये एकत्र काढलेली. जर्मन गव्हाच्या बिअरीत यीस्टमुळेच केळं आणि लवंग यांचा वास येतो, त्यावर अमेरिकन हातानं हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) ओतलेत. सौ.चा अभिप्राय: "शिकरणात कुणीतरी लवंग टाकलीय आणि वर लिंबाचं पान चुरडलंय." यापेक्षा नेमकं मला लिहिता येणार नाही. ९/१०. ही आता श्नायडरची कायमची बिअर झाली आहे, सहज मिळते.

तिसरी, रायनार्ट ट्रिपेल (ट्रिपेल म्हणजे बेल्जियन पद्धतीची कडक सोनेरी बिअर), ९ टक्के. ही दे प्रूफची स्वतःची. यजमानाच्या घरचं जेवण म्हणून मुद्दाम ठेवली होती. सोनेरी, मधाळ, मिऱ्याचा हलका चटका. छान आहे, पण इथे अशा छान ट्रिपेल ढिगाने मिळतात. ७.५.

चौथ्या बाटलीचं नाव घेत नाही. दोन नामवंतांची जोड-बिअर, लेबलवर दोघांच्या सह्या, आत नारळ, व्हॅनिला, आंबा, मार्शमेलो. वाढदिवसाच्या केकवर आमरस सांडल्यासारखी. निम्मी बेसिनला पाजली.

आता खरा प्रश्न. मिकेलरच्या ग्लासात मला डेन्मार्क काही सापडला नाही. मग ती बिअर कुणाची? रेसिपी लिहिणाऱ्याची, की ज्याच्या छपराखाली ती तीन आठवडे पिकली त्याची? इथे बेल्जियममध्ये ब्रूअरी नसलेल्या कंपनीला 'बीअरफिर्मा' म्हणतात आणि जुने ब्रूअर तो शब्द जरा नाक मुरडूनच उच्चारतात. ट्रॅपिस्ट, म्हणजे ख्रिस्ती मठवासींच्या बिअरीचा नियम तर याच्या पार उलट, मठाच्या भिंतींच्या आतच शिजली पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

चकणाप्रेमी

पहिला! धागा सावकाश वाचतो. भडंगाचा फोटो कुठाय?

वर्धेकर

आमचा जिल्हा कोरडा. त्यामुळे बिअर हा आमच्यासाठी शुद्ध वाचनाचा विषय आहे. वाचनखूण साठवली. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

जातं_आणि_ओवी

मी बिअर पीत नाही, पण प्रश्न ओळखीचा आहे. आम्ही दळण गिरणीत नेतो. गहू माझे, निवडले मी, उन्हं दाखवली मी. दगड गिरणीवाल्याचे. पीठ कुणाचं? माझंच. पण आधीच्या बाईची ज्वारी दळून झाली असेल तर पहिली मूठ-दोन मुठी ज्वारी माझ्या गव्हात येतेच. आणि गिरणीवाल्याने घाईत बारीक दळलं तर पोळ्या वातड होतात, मग गहू कितीही लोकवन असोत. तेव्हा घेंटकर, पीठ माझं असलं तरी पोळीत गिरणीवाला थोडा असतोच. मी म्हणूनच गिरणी बदलत नाही.

माल्टेश्वर

ताई, दंडवत. चार वर्षं पुण्यातल्या एका मायक्रोब्रूअरीत टाक्या धुतल्या, पण हे इतकं नेमकं मला सुचलं नसतं. (हो, धुतल्या. ब्रूअरचं निम्म्याहून जास्त काम मोरीतलं असतं. फोटोत ते येत नाही.)

तुमचं दळण पुढे नेतो. बिअर शिजवायला एक दिवस पुरतो. भरडलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवायचा, गोड पाणी गाळून घ्यायचं, तास-दीड तास हॉप्सबरोबर उकळायचं, थंड करून यीस्ट सोडायचं. पाहुणा ब्रूअर या दिवशी हजर असतो. पुढचे तीन-चार आठवडे टाकीचं तापमान कोण बघतं, रोज नमुना कोण काढतं, ड्राय हॉपिंग (वासासाठी उकळल्यानंतर पुन्हा हॉप्स घालणं) कधी करायचं, बाटलीत भरताना हवा शिरू नये म्हणून कोण जागतं? यजमान.

पहिला दिवसही सरळ नसतो. माल्ट ६५ अंशांवर भिजवला की बिअर कोरडी होते, ६८ वर अंगाने भरलेली. पाहुण्याच्या कागदावर ६७ लिहिलेलं असतं, पण यजमानाच्या भांड्यात कडेला आणि मध्यात दोन अंशांचा फरक पडतो, हे यजमानालाच ठाऊक. तुमच्या ब्रेकफास्टमधले ओट्स तर छळवाद आहे. त्याने सगळा लगदा मऊ भातासारखा गिच्च होतो आणि गाळणी तुंबते. ती बिअर इतकी गुळगुळीत उतरली असेल तर लोक्रिस्टीच्या माणसांना माझा नमस्कार सांगा.

पाण्याचं मात्र लोक उगाच कौतुक करतात. हल्ली पाण्यातले क्षार काढून टाकून हवे ते परत घालता येतात. ज्याची नक्कल अवघड जाते ते यीस्ट. आणि भीतीही त्याचीच. पाहुणा म्हणाला की "मी ब्रेटॅनोमायसिस आणलंय", तर यजमानाच्या पोटात गोळा येतो. हे रानटी यीस्ट एकदा नळ्यांच्या खाचांत बसलं की पुढच्या सगळ्या बिअरींना तबेल्याचा वास. ताईंची ज्वारी ती हीच.

सडेतोड

सगळं ठीक आहे, पण स्पष्ट बोलतो. यातलं ऐंशी टक्के मार्केटिंग आहे. पाहुणा येतो, हॉप्सची पिशवी कढईत ओततानाचा फोटो निघतो, संध्याकाळी दोघं पितात, सकाळी विमान. मिकेल तर बऱ्याचदा तेवढंही करत नसे, रेसिपी ईमेलने पाठवायचा. मग लेबलवर दोन नावं आली की किंमत दीडपट. तुमची चौथी बाटली हाच पुरावा. एकट्याने काढली असती तर कुणीतरी वेळेत म्हणालं असतं, "बाबा रे, मार्शमेलो नको." दोघं असले की दोघंही सभ्यपणाने गप्प बसतात.

चकणाप्रेमी

@सडेतोड, 'दोघंही सभ्यपणाने गप्प बसतात' यावर +१. आमच्या ऑफिसातल्या सगळ्या मीटिंगा अशाच.

ब्रुकलिनमुक्कामी

सडेतोड, अर्धा सहमत. पण होपफेनवाइसंच्या वाटेला जाऊ नका, ती फोटोची बिअर नव्हे. ब्रुकलिनचे गॅरेट ऑलिव्हर आणि श्नायडरचे हान्स-पेटर ड्रेक्सलर हे दोघं एकमेकांच्या ब्रूअरीत जाऊन ती बिअर शिजवून आले. सांगाडा एक, हॉप्स वेगळे: केलहाइमला जवळच्या हालरटाऊ भागातले, ब्रुकलिनला अमेरिकन. म्हणजे एकच बंदिश दोन घराण्यांनी मांडावी तशी. घेंटकर पितात ती केलहाइमची. ब्रुकलिनची आता निघत नाही. मी प्यालो होतो, तिच्यात संत्र्याची साल जास्त होती आणि लवंग मागे सरली होती. मला केलहाइमचीच आवडते. ब्रुकलिनकर असून सांगतोय.

दुसरा किस्सा कोर्टकचेरीचा. कोलोरॅडोची एव्हरी आणि कॅलिफोर्नियाची रशियन रिव्हर, या दोन्ही ब्रूअरींच्या एकेका बिअरीचं नाव 'साल्वेशन'. एरवी अशा वेळी वकिलांची नोटीस जाते. हे दोघं भेटले, प्यायले, आणि दोन्ही साल्वेशन एकत्र मिसळून २००६ मध्ये तिसरीच बिअर काढली. तिचं नाव 'कोलॅबोरेशन नॉट लिटिगेशन'. शेताच्या बांधावरून तीन पिढ्या भांडणाऱ्या आमच्या गावकीला एक खोका पाठवायची इच्छा आहे.

आता छपराचा मुद्दा. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला मोठा वणवा आठवतो? पॅराडाइज नावाचं गाव जळून गेलं. जवळच्या चिको गावात सिएरा नेवाडा ब्रूअरी आहे. त्यांनी 'रेझिलियन्स' नावाच्या आयपीएची (भरपूर हॉप्सच्या कडवट बिअरीची) रेसिपी जगजाहीर केली आणि सांगितलं, ज्याला जमेल त्याने शिजवा, विक्रीचे पैसे आपद्ग्रस्तांना. १,४०० पेक्षा जास्त ब्रूअरींनी ती काढली. इथे माणूस फिरलाच नाही, नुसता कागद फिरला. मी तीन ठिकाणची प्यालो. एक सिएरा नेवाडासारखी खमकी कडू, एक गढूळ आणि फळांच्या रसासारखी, तिसरीत नुसतं कॅरमल. रेसिपी तीच, बरं का!

शब्दखोदू

थोडं अवांतर. इंग्रजीत यांना सर्रास 'जिप्सी ब्रूअर' म्हणत. तो शब्द रोमा समाजाला हिणवणारा वाटतो म्हणून आता बरेच जण टाळतात. 'नोमॅड', 'फँटम', 'टेनंट' असं म्हणतात. बोस्टनकडचं एक जोडपं स्वतःला 'टेनंट', म्हणजे कूळ म्हणवून घ्यायचं. आपण मराठीत 'भटके' हा शब्द घेतला, पण आपल्याकडे तोही रिकामा नाही. १८७१ च्या कायद्याने किती जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का बसला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कागदावरून पुसला गेला, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. हातात क्रेडिट कार्ड आणि विमानाचं तिकीट असलेल्या माणसाला 'भटका' म्हणताना मला जरा अडखळायला होतं. 'फिरस्ते' कसं वाटतं?

घेंटकर

शब्दखोदू, पटलं. शीर्षक आता बदलता येत नाही, पण यापुढे फिरस्ते. आणि कूळ हा शब्द तर झकास. कसेल त्याची जमीन, तर मग शिजवेल त्याची बिअर?

सडेतोड

तसं म्हणाल तर सगळ्या बिअरी लोक्रिस्टीच्याच! माझंच म्हणणं झालं.

वेलिंग्टनची_वारी

फिरस्त्यांच्या बाजूने एक साक्ष. न्यूझीलंडचे यीस्टी बॉईज, २००८ पासूनचे. यांचीही स्वतःची ब्रूअरी नव्हती, देशाच्या पार दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिलला जाऊन बिअर काढायचे. त्यांच्या 'गुनामट्टा' आयपीएत चक्क अर्ल ग्रे चहाची पत्ती आहे. पहिल्यांदा मागवली तेव्हा वाटलं, चहाचा असा अपमान! पण बर्गमॉटचा वास हॉप्समध्ये असा मिसळला होता की कुठे चहा संपतो आणि कुठे बिअर सुरू होते ते कळेना. त्यांची दुसरी 'रेक्स अ‍ॅटिट्यूड' मात्र नुसत्या पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरात सुकवलेल्या माल्टची. ती पिताना लहानपणीचा बंब आठवला, आणि आयोडेक्स. माझ्या नवऱ्याने ग्लास परत सरकवला, मी दोन्ही संपवले.

मुद्दा असा की ज्याने स्वतःच्या ब्रूअरीसाठी कोट्यवधींचं कर्ज काढलंय, तो माणूस शंभर टक्के धुरकट माल्टची बिअर काढायला धजेल का? त्याला बँकेचा हप्ता आहे. ज्याचं काहीच अडकलेलं नाही, त्यालाच असं वेडं धाडस परवडतं.

माल्टेश्वर

हे शंभर टक्के खरं. उलट बाजूही सांगतो. यातले बरेच फिरस्ते शेवटी घर बांधतातच. मिकेलच्याच शाळेतल्या दोन विद्यार्थ्यांनी काढलेल्या 'टू ओल'ने पुढे डेन्मार्कमध्ये स्वतःचं मोठं आवार घेतलं. ईव्हिल ट्विननेही न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला स्वतःची ब्रूअरी टाकली. टाकी भाड्याने मिळणं दुसऱ्याच्या वेळापत्रकावर असतं. त्याचा सीझन आला की तुम्ही बाहेर.

मांडवीकाठ

आमच्याकडे गोंयात काय आहे ते सांगतो. 'एट फिंगर एडी' आयपीए प्यायलात का कुणी? सांगोल्ड्याची गोवा ब्रूइंग कंपनी. नाव हणजूणच्या जुन्या हिप्पी एडीचं, तिथल्या फ्ली मार्केटच्या सुरुवातीशी त्याचं नाव जोडलं जातं. फिरस्ता माणूस, पण बिअर मात्र घरचीच. पुण्याच्या ग्रेट स्टेटची मीठ घातलेली कोकम एल पण आवडली. सोलकढी जमणाऱ्याला ती जमते. कोळंबीच्या किसमुरीबरोबर घ्या. आमच्या लोकांनी आणि पुणेकरांनी मिळून काहीतरी काढावं असं फार वाटतं.

माल्टेश्वर

वाटतं सगळ्यांनाच, अडतं कागदावर. बाटलीबंद बिअरचं प्रत्येक लेबल राज्याराज्यात उत्पादन शुल्क खात्याकडे वेगळं नोंदवायचं, वेगळी फी भरायची. एकदाच काढायच्या चार टाक्यांसाठी कोण करतंय? त्यामुळे आपल्याकडे अशी जोड-बिअर झालीच तर मायक्रोब्रूअरीच्या नळावर येते, दोन आठवड्यांत संपते, आणि ज्यांनी प्यायली ते पुढची पाच वर्षं सांगत बसतात. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली तेव्हापासून हेच बघतोय. बाकी दुसऱ्याच्या छपराखाली बिअर काढायची पद्धत आपल्याला नवी नाही. बिरा ९१ बाजारात आली २०१५ मध्ये, तेव्हा ती बेल्जियममध्येच शिजत होती. लेबलवर माकड, आत फ्लँडर्स.

सात्त्विक_सदाशिव

मराठी संस्थळावर दारूचे इतके लांब धागे पाहून खेद वाटतो. तरुण पिढीपुढे आपण काय ठेवतोय?

चकणाप्रेमी

भडंग. (हलके घ्या.)

पाणवठा_संपादक

सात्त्विक_सदाशिव, धाग्यात प्रचार नाही, परीक्षण आहे. तुमची नापसंती नोंदवली. चकणाप्रेमी, पुरे.

ब्रुकलिनमुक्कामी

घेंटकर, वाद घालण्यापेक्षा चाचणी करा ना. तुमच्याइतक्या सोयीच्या जागी जगात कुणी नाही. वेस्टव्हलेटरेन १२ (ट्रॅपिस्ट मठाची) आणि सेंट बर्नार्डस आब्ट १२, दोन्ही बेल्जियमच्याच. वाटू गावच्या बर्नार्डसला १९४६ ते १९९२ वेस्टव्हलेटरेनच्या मठाच्या नावाने बिअर काढायचा परवाना होता. म्हणजे जे आपल्याला नव्या फॅशनसारखं वाटतं ते मठवाल्यांनी ऐंशी वर्षांपूर्वीच केलंय. परवाना संपला, बर्नार्डसने जुनं यीस्ट सांभाळलं, मठ वेस्टमाल्लेचं यीस्ट आणून वापरतो. घराणं एक, छपरं दोन. तीन ग्लास घ्या, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. डोळे बांधून वेगळा ग्लास ओळखायचा.

घेंटकर

उशीर झाला, माफी. वेस्टव्हलेटरेन सहजासहजी मिळत नाही.  सहकाऱ्याच्या सासऱ्यांनी आणली होती, त्यातल्या दोन मोठ्या मनाने दिल्या. काल रात्री चाचणी झाली.

नियम: ग्लास सौ.ने भरायचे, मी आणि सहकारी दुसऱ्या खोलीत. दिवा मंद, म्हणजे रंगावरून ओळखायला नको. मग मी सौ.साठी भरले. तीन ग्लास, त्यामुळे नुसत्या नशिबानेही तिनात एकदा बरोबर येणारच. म्हणून प्रत्येकाला तीन फेऱ्या.

दोन्ही बिअरी गडद तपकिरी, मनुका, अंजीर, काकवी. पहिल्या घोटाला मला बहिणीच वाटल्या. सहकाऱ्याने तिनातल्या दोन फेऱ्या ओळखल्या. त्याच्या मते बर्नार्डसमध्ये फळं आणि मसाला जास्त, वेस्टव्हलेटरेन जरा कोरडी. सौ.ने तिन्ही. कसं, विचारलं तर म्हणाली, "एकीत खजुराचं लोणचं आहे, दुसरीत नुसता खजूर."

मी एकही नाही. शून्य. धागाकर्त्याची ही अवस्था.

@जातं_आणि_ओवी, सौ.ने तुमचा प्रतिसाद वाचला. विचारतेय, नाशिककडे लोकवन सध्या काय भावाने मिळतो?

जातं_आणि_ओवी

तिला म्हणावं, गव्हाच्या आधी गिरणीचं बघ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.